मासळीच्या पोटातले बिऱ्हाड



गेल्या पावसाळ्यात, सांजांव होऊन आठवडा झाला नव्हता तोच, आमच्या हातून एक चूक घडली. ती आधी कबूल करतो आणि मग पुढचे लिहितो. एका घरी व्हाळात पागून आणलेली मरळ चिरताना तिच्या आतड्यात पांढरे कृमी निघाले. घरची बाई घाबरली. ताटलीत ते कृमी घेऊन ती आमच्या दारात आली आणि म्हणाली, "फादर, हे मुलांच्या पानात कसे वाढू?" आम्ही पाहिले. आम्हालाही किळस आली. त्या रविवारी मिस्सा संपल्यावर सूचना वाचता वाचता आम्ही सांगून टाकले की, काही दिवस व्हाळाची नि तळीची मासळी खाऊ नये.

त्या एका वाक्याने काय केले ते पुढच्या बाजारी दिसले. पावसात समुद्राची मासळी थोडी नि महाग असते. तेव्हा चढणीची मासळी विकून शाळेच्या वह्या-छत्र्यांचे पैसे मिळवणाऱ्या बाया भरल्या टोपल्या घेऊन घरी परतल्या. एका वाड्यावर तर पिकावर मारायचे कीटकनाशक तळीत ओतून "सगळे किडे एकदाच मारून टाकू" असा बेत ठरला होता. दोन वडीलधाऱ्यांच्या शहाणपणामुळे तो वेळीच मोडला. त्या तळीवर गुरे पाणी पितात आणि खालच्या शेतांना तेच पाणी जाते.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान नि धर्मशास्त्र शिकलो, कृमिशास्त्र नव्हे. पण बोलून गेल्यावर वाचणे भाग पडले. जे वाचले त्यावरून आमचे मत पुरते बदलले आहे, आणि ते मत आज या शेती व आरोग्याच्या पानावर मांडत आहोत. मासळीत कृमी दिसला एवढ्यावरून पाणी नासले असे ठरत नाही, आणि कृमी दिसला नाही म्हणून पाणी चांगले असेही ठरत नाही. कोणता कृमी, किती माशांत, एकेकात किती आणि शरीरात कोठे, हे चार प्रश्न विचारल्यावाचून निवाडा करू नये.

बायबलातील तोबिताच्या ग्रंथात तरुण तोबियास नदीवर मोठा मासा पकडतो, तेव्हा राफाएल देवदूत त्याला मासा टाकून दे असे सांगत नाही. मासा चिरायला लावतो आणि त्यातले काळीज, यकृत व पित्त नीट वेगळे काढून ठेवायला सांगतो. आपणही आज मासा चिरून आत काय आहे ते शांतपणे पाहू.

खोल्या आणि बिऱ्हाडकरू

दुसऱ्याच्या शरीरात वा शरीरावर राहून त्याच्या जिवावर जगणाऱ्या प्राण्याला परोपजीवी म्हणतात, आणि ज्याच्याकडे तो राहतो त्याला आपण यजमान म्हणू. मासा हे अनेक खोल्यांचे घर आहे असे समजा. कातडीवर आणि परांच्या मुळाशी अर्ग्युलस नावाचा चपटा जीव चिकटतो. मासे पाळणारे त्याला माशाची ऊ म्हणतात. कल्ल्यांवर डोळ्यांना जेमतेम दिसणारे आकडेवाले बारीक कृमी राहतात. आतड्यात पट्टकृमी आणि काटेरी डोक्याचे कृमी असतात. मांसात आणि यकृतात पर्णकृमींची पिल्ले गाठोडी करून निजलेली असतात. शिवडा या मोठ्या माशाच्या तर हवेच्या पिशवीतही आयसोपारॉर्किस नावाचा भला मोठा पर्णकृमी वास करतो.

प्रत्येकाची खोली ठरलेली असते. कल्ल्यावरचा कृमी आतड्यात जगत नाही आणि आतड्यातला कातडीवर येत नाही. म्हणून "मासळीत किडे आहेत" हे बोलणे "गावात माणसे आहेत" असे म्हणण्याइतकेच मोघम आहे.

हे शास्त्र आपल्या भाषेच्या मुलखाला परके नाही. मरळीच्या आतड्यातील काटेरी डोक्याच्या एका कृमीचे नावच नागपूरवरून पडले आहे. भालेराव या शास्त्रज्ञांनी १९३१ साली त्याचे वर्णन केले, आणि जगभरची पुस्तके आज त्याला पॅलिसेंटिस नागपुरेन्सिस म्हणतात. पुढे औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात प्रा. शिंदे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी गोदावरीच्या खोऱ्यातील मासळीच्या पट्टकृमींवर वर्षानुवर्षे काम केले. मरळीतला सेंगा आणि मागुरातला लिटोसेस्टस ही त्या कामातली नेहमीची नावे. मागुराच्या पट्टकृमींना तर भारतात डझनावारी निरनिराळी नावे दिली गेली. नंतर फेरतपासणी झाली तेव्हा त्यांतली बरीचशी एकाच जातीची दोन-दोन, चार-चार नावे निघाली. शिरगणतीत एकच माणूस दोनदा लिहिला तर गावची लोकसंख्या फुगते, तसेच हे. मोजण्याआधी ओळख पटवावी लागते, हा पहिला धडा.

आला कोठून?

दुसरा धडा असा की, बहुतेक कृमी माशाच्या पोटात आपोआप उपजत नाहीत. ते जेवणातून येतात. पॅलिसेंटिसचीच गोष्ट घ्या. मरळीच्या विष्ठेबरोबर त्याची अंडी पाण्यात पडतात. सायक्लॉप्स नावाचा ठिपक्याएवढा पाणजीव ती खातो. सायक्लॉप्सला लहान मासा खातो आणि लहान माशाला मरळ खाते. तेव्हा कुठे कृमीला आपले कायमचे घर मिळते. यातली एक कडी जरी गळाली तरी त्याचा वंश त्या पाण्यातून संपतो.

मागूर चिखल उकरून त्यातले बारीक गांडुळासारखे जीव खातो. लिटोसेस्टसच्या कुळातले पट्टकृमी त्याच चिखलातल्या जिवांतून येतात. मांसात पिवळसर दाण्यासारखा दिसणारा क्लिनोस्टोमम आणखी लांबचा प्रवासी आहे. तो प्रथम पाण्यातल्या गोगलगायीत वाढतो, तिच्यातून बाहेर पडून माशाच्या कातडीतून आत शिरतो, आणि तो मासा बगळ्याने गिळला की बगळ्याच्या घशात प्रौढ होतो. म्हणजे माशातला पिवळा दाणा आपल्याला सांगतो की, या पाण्यात गोगलगाय आहे, मासा आहे आणि काठावर बगळा येतो.

माशाने काय खाल्ले, त्याला कोण खाणार आणि त्याच्या शेजारी कोण राहते, याची नोंदवही त्याच्या पोटात असते. एकाच तळीतल्या मरळीचे आणि मागुराचे बिऱ्हाडकरू वेगळे निघतात ते याच कारणाने. पाणी एक असले तरी ताट वेगळे असते.

ओझे सारखे वाटलेले नसते

आमच्या दारी आलेल्या त्या मरळीविषयी आम्ही सर्वांत मोठी चूक येथे केली. एका माशात पुष्कळ कृमी पाहिले आणि सगळ्याच माशांत तितके असणार असे धरून चाललो. प्रत्यक्षात तसे नसते. क्रॉफ्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ साली आकड्यांनिशी दाखवून दिले की, परोपजीवी यजमानांत सारखे वाटलेले नसतात. बहुसंख्य यजमानांत एकही नसतो वा एखाद-दुसराच असतो, आणि थोड्यांच्या अंगावर बहुतेकांचे ओझे असते. त्यानंतर जगात ठिकठिकाणी मोजणी झाली, आणि जवळजवळ सर्वत्र हाच प्रकार आढळला.

गावातल्या कर्जासारखेच हे आहे. सगळ्या वाड्याचे कर्ज एकत्र मांडले तर त्यातला मोठा भाग चार-पाच घरांच्या डोक्यावर निघतो. त्या चार घरांकडे पाहून "सारा गाव बुडाला" म्हणणे खोटे, आणि एका बिनकर्जाच्या घराकडे पाहून "गाव सुखी आहे" म्हणणेही खोटेच. म्हणून एक मासा चिरून निकाल देऊ नये. एकाच जातीचे, एकाच पाण्यातले वीस-तीस मासे पाहावेत. किती माशांत कृमी आहे आणि ज्यांत आहे त्यांत सरासरी किती आहेत, हे दोन आकडे वेगवेगळे लिहावेत. पहिला आकडा प्रसार सांगतो आणि दुसरा ओझे सांगतो. शंभरांत ऐंशी मासे बाधित पण प्रत्येकात एकच कृमी, ही एक गोष्ट. शंभरांत पाचच बाधित पण प्रत्येकात शेकड्याने, ही अगदी दुसरी.

वाड्यावरचा समाज की फेस्तातली गर्दी?

आता शास्त्रज्ञांमधल्या एका जुन्या वादाकडे येऊ, कारण आपल्या व्हाळाचा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे. एका माशातले हे सारे परोपजीवी मिळून एखाद्या वाड्यासारखा समाज बनतो काय, जिथे प्रत्येकाची जागा ठरलेली असून एक आला की दुसऱ्याला सरकावे लागते? की ती फेस्तातली गर्दी आहे, जो जसा आला तो तसा उभा राहिला?

दोन्ही प्रकार आहेत असे उत्तर मिळते. होम्स या शास्त्रज्ञाने १९६१ साली उंदरांवर प्रयोग करून दाखवले की, पट्टकृमी आणि काटेरी डोक्याचा कृमी एकाच आतड्यात आले की पट्टकृमीला आपली आवडती जागा सोडून मागे सरकावे लागते. हा झाला वाडा. कॅनडातील आल्बर्टा प्रांतात ४५ रानबदके तपासली तेव्हा त्यांच्यात ५२ जातींचे मिळून सुमारे दहा लाख कृमी सापडले. तो अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. तेथेही दाटी इतकी होती की शेजाऱ्याला शेजाऱ्याचा धक्का लागावा.

गोड्या पाण्यातील माशांचे मात्र तसे नाही. इंग्लंडमधील केनेडी या शास्त्रज्ञाने नद्यांतील मासे, विशेषतः वाम, वर्षानुवर्षे तपासले आणि १९९० साली हाच प्रश्न विचारला. पुष्कळ माशांत एकही जात नव्हती किंवा एखादीच होती. खोल्या रिकाम्या पडलेल्या होत्या. शेजारीच नसल्यावर भांडण कोणाशी होणार? त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली पक्षी आणि मासे यांत हा फरक का, याचीही कारणे मांडली होती. पक्ष्याचे रक्त उष्ण, त्याला फार खावे लागते, आतडे गुंतागुंतीचे, आणि तो दहा पाणवठ्यांवर जेवून येतो. मासा थंड रक्ताचा, बेताने खाणारा आणि आपल्याच डोहात जन्म काढणारा. त्याच्या पोटात कोण येईल हे त्या डोहात कोण आहे यावर आणि बऱ्याच अंशी योगायोगावर अवलंबून असते.

आम्हाला हे वाचून फार उपयोग झाला. माशाच्या पोटातली मंडळी आपसात फारशी ठरवत नाहीत. पाणी ठरवते. मासा आपल्या डोहाबाहेरची बातमी आणत नाही, आपल्याच डोहाची आणतो. म्हणून डोहाची परीक्षा करायला मासा योग्य साक्षीदार आहे, मात्र त्याची साक्ष नीट ऐकून घेतली पाहिजे.

व्हाळ आणि तळी

आता शेतकरी बंधूंच्या कामाची गोष्ट. वाहत्या व्हाळात कृमींच्या जाती पुष्कळ असू शकतात, पण एकेका जातीची संख्या सहसा बेताची राहते, कारण त्यांना अनेक यजमानांची साखळी जुळावी लागते. दाटीने मासे पाळलेल्या तळीत याच्या उलट होते. तेथे बगळ्याला जाळी लावलेली असते, गोगलगायी काढलेल्या असतात आणि खाद्य पोत्यातले असते. लांब साखळीचे कृमी बहुधा गळतात. पण ज्यांना साखळी लागत नाही, जे एका माशावरून थेट दुसऱ्यावर जातात, त्यांना ती दाटी म्हणजे पर्वणीच. अर्ग्युलस आणि कल्ल्यांवरचे बारीक कृमी अशा वेळी भरमसाट वाढतात. जाती कमी, संख्या अफाट, असा तो प्रकार. रोहू-कटला काठाला अंग घासू लागले, पाण्याबाहेर उसळ्या घेऊ लागले, अंगावर लाल ठिपके दिसू लागले, तर समजावे की उवा झाल्या आहेत.

तेव्हा भिण्यासारखे काय असेल तर ते हे. व्हाळातल्या मरळीतले चार पांढरे कृमी पाहून आपण थरारतो, आणि तळीतल्या हजार माशांवर चढलेली ऊ मात्र मासे मरेपर्यंत आपल्या लक्षात येत नाही.

दुसरी भीती परक्या माशांची. गवत्या मासा भारतात १९५९ साली आणला गेला. पूर्व आशियातून जगभर गेलेल्या याच माशाबरोबर एक आशियाई पट्टकृमीही देशोदेशी पोहोचला आणि तेथल्या स्थानिक माशांत शिरला. युरोपात १९८० नंतरच्या थोड्याच वर्षांत पूर्वेकडून आलेल्या वामांबरोबर हवेच्या पिशवीतला एक रक्तपिपासू कृमी गेला. तेथल्या वामांना त्याची सवय नव्हती, त्यामुळे त्यांचे पुष्कळ नुकसान झाले. आफ्रिकी मागुराच्या पालनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली ती मुख्यतः तो आपली मासळी खाऊन टाकतो म्हणून. पण परका मासा एकटा येत नाही, आपले बिऱ्हाडही घेऊन येतो, हेही ध्यानात ठेवावे. घरच्या काचपेटीतले मासे कंटाळा आला म्हणून व्हाळात सोडणे ही दया नव्हे.

स्वच्छ पोटाचा मासा

काहींना आमचे पुढचे म्हणणे विचित्र वाटेल. ज्या पाण्यात एकाही माशात एकही कृमी नाही, त्या पाण्याची आम्हाला अधिक काळजी वाटते. कारण साधे आहे. कृमीला गोगलगाय लागते, सायक्लॉप्स लागतो, लहान मासा लागतो, बगळा लागतो. कृमी सगळेच नाहीसे झाले तर यांपैकी कोणीतरी आधी नाहीसे झाले असण्याचा संभव आहे. २००६ साली तीन शास्त्रज्ञांनी निरोगी परिसर म्हणजे परोपजीवींनी समृद्ध परिसर काय, असा प्रश्न विचारून बऱ्याच अंशी होकारार्थी उत्तर दिले. २००८ साली कॅलिफोर्निया व मेक्सिकोतील तीन खाड्यांत सारे जीव तोलून पाहिले, तेव्हा तेथल्या पर्णकृमींचे एकूण वजन तेथल्या पक्ष्यांच्या एकूण वजनाहून जास्त भरले. सृष्टीच्या जमाखर्चात ज्यांना आपण शून्य धरतो त्यांची रक्कम एवढी मोठी आहे.

आमच्या डिचोली तालुक्याला हे सांगायला नको. येथे खाणीचा गाळ पावसात कोणत्या रंगाने वाहतो ते लहान मुलालाही ठाऊक आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्यंतरी सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीच्या खाणपट्ट्यात काम पुन्हा सुरू झाले. खाण हवी की नको हा वाद या पानाचा नाही. अनेक घरांची चूल त्यावर पेटते हे आम्ही जाणतो. पण बारीक गाळ तळाशी बसला की चिखलातले जीव आणि गोगलगायी गुदमरतात, आणि त्यांच्याबरोबर साखळ्या तुटतात. ते मेलेले कोणाला दिसत नाहीत. मासळी दिसते, तीही उशिरा.

काटेरी डोक्याचे कृमी तर पाण्यातल्या विषाचीही साक्ष देतात. जर्मनीत नदीच्या माशांतील अशा कृमींमध्ये माशाच्या मांसापेक्षा दोन हजारांहून अधिक पट शिसे साठलेले आढळले. मांसात जे जेमतेम मोजता येते ते कृमीत ढळढळीत दिसते.

याचा अर्थ कृमी जितके जास्त तितके पाणी उत्तम, असा मात्र कोणी करू नये. सांडपाणी व शेणखत अति झाले की शेवाळ वाढते, शेवाळावर गोगलगायी वाढतात आणि एखाद-दुसऱ्या जातीच्या कृमींचा सुळसुळाट होतो. पाहायचे ते असे की, जाती अनेक आणि प्रत्येकीचे ओझे बेताचे आहे की एकाच जातीचा पूर आला आहे. हे मोजणे पाण्याच्या तपासणीच्या जागी नव्हे, तिच्या जोडीला करायचे आहे.

माणसाला धोका किती?

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येतो, कारण आईला साखळीचे शास्त्र नको असते, मुलाचे पोट हवे असते. माशाच्या आतड्यातले बहुतेक कृमी माणसात राहू शकत नाहीत, आणि आतडे तर आपण काढूनच टाकतो. मांसातले काही जीव मात्र कच्चे खाल्ल्यास त्रासदायक आहेत. मरळीसारख्या माशांतून येणारा नॅथोस्टोमा थायलंड व जपानात माणसांच्या कातडीखाली फिरताना सापडला आहे. थायलंड-लाओसकडे कच्ची गोडी मासळी खाण्याच्या चालीमुळे एक यकृत-पर्णकृमी लाखो लोकांत शिरला. त्यामुळे पित्तनळीचा कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ साली मान्य केले.

हे सारे धोके कच्च्या वा अर्धकच्च्या मासळीचे आहेत. हुमणात उकळलेल्या किंवा आतपर्यंत तळलेल्या मासळीत कृमी जिवंत राहत नाही. लिंबू, व्हिनेगर, थोडे मीठ वा धूर यांवर मात्र विसंबू नये. मसाला लावून ठेवलेला तुकडा शिजलेला नव्हे. घरच्या शीतकपाटातला बर्फाचा कप्पाही पुरेसा थंड असतोच असे नाही.

ज्या मोठ्या माणसांना नारू आठवतो त्यांना आणखी एक गोष्ट सांगतो. नारूची साखळीही सायक्लॉप्समधूनच जात असे. भारतात नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे मान्य केले. हे घडले ते साखळी ओळखल्यामुळे. पाणी फडक्यातून गाळले, पायविहिरींत पाय घालणे बंद केले, हातपंप बसवले, आणि जेथे गरज तेथे मोजून औषध टाकले. अमुक कडी तोडायची हे ठरवून ती तोडली. तळीत डोळे मिटून विष ओतणे आणि हे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

करायचे काय?

१. मासा चिरल्यावर आतडी लगेच काढावी, मांसात दाणे दिसल्यास तेवढा भाग कापून टाकावा, आणि उरलेले नीट शिजवून निर्धास्त खावे.

२. कच्ची आतडी मांजर-कुत्र्यांना घालू नयेत आणि परत पाण्यातही टाकू नयेत. दोन्ही रीतींनी साखळी आपणच जोडतो. माडाच्या आळ्यात हातभर खोल पुरावीत. माडालाही खत होते.

३. विकत आणलेले मत्स्यबीज तळीत सोडण्याआधी वेगळ्या टाकीत काही दिवस ठेवून पाहावे. दहा लिटर पाण्यात २०० ते ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात पिल्लांना थोडाच वेळ बुडवावे, आणि ती अस्वस्थ होताच बाहेर काढावी.

४. तळीत दाटी करू नये. अर्ग्युलस आपली अंडी दगड-लाकडांवर घालतो. म्हणून तळीत बांबू वा फळ्या रोवाव्यात आणि ठरावीक दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवाव्यात. मासळी काढल्यावर तळी सुकवून चुना मारावा.

५. कीटकनाशक पाण्यात ओतू नये. रोग वाढल्यास मत्स्य खात्याच्या माणसाला नमुना दाखवून मगच औषध करावे.

६. शौचालयाचे आणि गोठ्याचे पाणी व्हाळात सोडू नये.

आणि सातवी गोष्ट आमच्या तरुण मंडळींसाठी. एक साधी वही घाला. तारीख, पाणवठा, माशाची जात, लांबी, कृमी कोठे सापडले आणि किती, एवढे सहा रकाने पुरेत. ज्यात काहीच सापडले नाही तो मासाही लिहायचा, नाहीतर हिशेब खोटा होईल. शास्त्राच्या शिक्षकांनी भिंगातून ओळख पटवायला मदत करावी. खाणीच्या खालच्या अंगाचा एक व्हाळ आणि वरच्या अंगाचा एक व्हाळ, अशा दोन ठिकाणी तीन पावसाळे ही वही चालली, तर ग्रामसभेत बोलताना आपल्या हातात आवाज नव्हे, आकडे असतील.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली आपल्या सामायिक घराची निगा राखण्याविषयी सर्वांना पत्र लिहिले. ते वाचताना आम्हाला डोंगर, नद्या, झाडे, पाखरे आठवली. मरळीच्या आतड्यातला कृमी आठवला नव्हता. निर्मिलेले सर्व परमेश्वराने चांगले पाहिले असे आपण दरवर्षी पास्काच्या जागरणात ऐकतो. त्या "सर्व" शब्दात किती मंडळी येतात याचा विचार आम्ही सेमिनरीत केला नाही, तो एका बाईच्या ताटलीने करायला लावला.

ज्या बायांच्या टोपल्या आमच्या बोलण्याने परत गेल्या त्यांची आम्ही क्षमा मागतो. वेदीजवळून जे चुकीचे सांगितले ते वेदीजवळूनच सुधारले पाहिजे, म्हणून येत्या रविवारी सूचनांच्या वेळी हे पुन्हा सांगू. आणि यंदा चढणीची मासळी बाजारात आली की, पहिल्या शुक्रवारी आमच्या घरी मरळीचे हुमण होईल. चिरताना आम्ही स्वतः शेजारी बसू, वहीत पहिली ओळ लिहू, आणि मग पोटभर जेवू.